डूडचा दाखला

कमळाकर पाटील सकाळी साडेसातला दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सुनयनाच्या एका हातात मुलीची, ज्ञानूची, अर्धी घातलेली वेणी होती आणि दुसऱ्या हातात उतू जाणाऱ्या दुधावर धरलेला डाव. घरमालक स्वतः जिना चढून वर आला की त्याचा अर्थ काय, हे घणसोली गावात कुणी कुणाला समजावून सांगत नसे.

गावाची पद्धत ठरलेली होती. अकरा महिने झाले की भाडेकरू बदलायचा. "जास्त दिस राहिला की भिंतीत खिळा मारतो, आनि मंग भिंत आपलीच बोलतो," असं घरमालकीण पुतळाकाकू येताजाता ऐकवत. सुनयनाचे अकरा महिने मेअखेरीला भरत होते. आणि जूनमध्ये ज्ञानूची पहिली सुरू होत होती. शाळा इतकी जवळ की गॅलरीतून वर्गाची खिडकी दिसायची. ही खोली गेली तर दिराकडे जुईनगरला जायचं, म्हणजे दोन खोल्यांत अकरा माणसं. सासूबाई धरून बारा. ज्ञानूला रोज शाळेला आणायचं-सोडायचं कुणी, आणि सुनयनाच्या शिकवणीला येणाऱ्या गावातल्या चौदा मुलांचं काय, या दोन्ही प्रश्नांना तिच्या नवऱ्याकडे, फळांच्या मार्केटात कामाला असलेल्या धनाजीकडे, एकच उत्तर होतं. "बघू की."

"ताई, एक काम होता," कमळाकर म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि खुर्ची असताना खाटेच्या कडेवर बसले. अंगात कालचाच पांढरा सफारी होता. काल त्यांच्या मुलीचा, उन्नतीचा, साखरपुडा झाला होता. मुलगा उरणचा, मिथुन घरत. कंटेनरच्या यार्डात कॉम्प्युटरवर काम करणारा, घरी केबल टीव्ही असलेला.

"काल तुमी होता ना मांडवात?"

"होते की. छान झाला कार्यक्रम."

"मंग तुमी आयकला असल. जावयानं पाया पडला, उठला, माझ्याकडं वरून खाली बगितला आनि बोलला, काका, तुमी तर एकदम डूड."

सुनयनाने ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. त्यावर कमळाकर सगळ्यात मोठ्याने हसले होते, आणि मालक हसले म्हणून दोनशे माणसं हसली होती. आपल्याला कळलं नाही असं दिसू नये म्हणून मागच्या रांगेतली तर जरा जास्तच हसली होती.

"मी हसलो," कमळाकर म्हणाले. "पन शब्द चांगला हाय का वाईट, ते समजाया नको? कालपासून मला जेवन जात नाय. चारचौघांत कसा विचारू? वाईट असल तर लगीन मोडीन. चांगला असल तर..."

"तर?"

"तर बरा हाय."

सुनयना बी.ए. होती, पण मराठी विषय घेऊन. इंग्रजीशी तिची ओळख होती ती गाय या विषयावर दहा वाक्यं आणि आजारपणाच्या रजेचा अर्ज इथपर्यंत. हा शब्द त्या गायीनेही कधी उच्चारला नव्हता आणि रजा मागणाऱ्यानेही. पण खाली जिन्याच्या तोंडाशी, याच मालकाच्या भिंतीवर, याच मालकाच्या परवानगीने, निळ्या रंगात लिहिलं होतं : सुनयना इंग्लिश क्लासेस, पहिली ते सातवी. तिने धनाजीकडे बघितलं. धनाजी दाढी करत होता. त्याने गालावरचा फेस आणखी थोडा वर, डोळ्यांपर्यंत नेला.

"चांगला आहे," सुनयना म्हणाली.

"म्हंजे काय?"

"म्हणजे मोठा माणूस. चारचौघांत ज्याचा शब्द मानतात, असा."

"आला कुठना हा शब्द?"

खोटं बोलणाऱ्याला एक वेळ अर्थ सुचतो, पण मूळ विचारलं की घाम फुटतो. ज्ञानूने अर्धी वेणी ओढून घेतली. दूध उतू गेलं. सुनयनाने गॅस बंद केला आणि तेवढ्या वेळात एक देश उभा केला.

"इंग्लंडातून. तिकडे पूर्वी गावात ज्याची जमीन जास्त, त्याला लोक मानाने डूड म्हणायचे."

कमळाकर खाटेवर पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "जमीन गेल्यावर पन बोलायचे?"

त्यांची बारा एकर भातशेती आणि वडिलांचं मिठागर या नव्या शहराखाली गेलं होतं. जिथे त्यांची खळी होती तिथे आता कुणाची तरी सातमजली सोसायटी होती आणि तिच्या फाटकावरचा वॉचमन त्यांना रोज विचारायचा, कुणाकडे जायचंय. सुनयनाला ते ठाऊक होतं.

"गेल्यावर जास्तच म्हणायचे," ती म्हणाली.

कमळाकरांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि उठले. दारापर्यंत गेले, आणि परत आले.

"लिवून द्या."

"काय?"

"हाच. जो सांगितला तो. सही करा, शिक्का मारा."

जमीन गेल्यापासून कमळाकर तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवत नसत. साहेबलोकांनी बांधावर उभं राहून काय काय कबूल केलं होतं आणि कागदात काय निघालं, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून दूधवाला उद्या येणार नाही म्हणाला तरी ते त्याच्याकडून चिठ्ठी घेत. आणि सुनयनाकडे शिक्का होता. शिकवणीच्या मुलांच्या आयांना वर्षाअखेरीला सर्टिफिकेट लागायचं, म्हणून तिने तो वाशीहून बनवून आणला होता. गोल, मधोमध उघडं पुस्तक. गावातल्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यापेक्षा जास्त ठसठशीत उठायचा.

तिने वहीचा कागद फाडला आणि लिहिलं : 'दाखला देण्यात येतो की, डूड या इंग्रजी शब्दाचा अर्थ थोर व मानाचा गृहस्थ असा असून तो शब्द इंग्लंड देशातून आलेला आहे.' खाली सही, तारीख, शिक्का. कमळाकरांनी शाईवर फुंकर घातली, कागद दोन्ही हातांवर धरला आणि जिन्यावरून बाळ नेतात तसा खाली नेला.

धनाजीने फेस पुसला. "आगं, पर खरा अर्थ काय हाय?"

"मला काय माहीत."

"मग शिक्का कशापायी मारलास?"

"त्यांनी मागितला."

"उद्या त्यो म्हनंल, माझ्या म्हशीला इंग्रजी येतंय असं लिहून दे. देशील?"

"जूनपर्यंत मागितलं तर देईन," सुनयना म्हणाली आणि ज्ञानूच्या वेणीला रिबन बांधली.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण त्या काळात नव्या मुंबईच्या गावांमध्ये नावाआधी पदवी लावायची साथ आली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर पेंटरने रंगवलेले फलक. दानशूर अमुक, युवा नेते तमुक. कमळाकरांचे चुलतभाऊ सिताराम पाटील यांनी एकदा गावच्या टीमला दोन स्टंप दिले होते, तेव्हापासून ते प्रत्येक फलकावर 'क्रिकेटप्रेमी सिताराम पाटील' होते. कमळाकरांच्या नावाआधी नुसतं 'श्री.' असायचं, आणि ते 'श्री.' त्यांना गेली चार वर्षं सलत होतं.

पंधरा दिवसांत लग्नपत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका देवाला, दुसरी सुनयनाला. खाली सोनेरी अक्षरांत : 'आपले नम्र, डूड श्री. कमळाकर पाटील.' सुनयनाने ती वाचली आणि तिला गॅलरीचा कठडा धरावा लागला.

"कशी हाय?" कमळाकर खालून बघत होते.

"छान आहे. पण ते... पत्रिकेत नसतं ना घालत असं."

"का नाय? दाखला हाय आपल्याकडं. लॅमिनेशन करून ठेवलाय."

मग गावाच्या कमानीवर कापडी फलक चढला : 'डूड कमळाकरशेठ यांच्या कन्येच्या शुभविवाहास आलेल्या पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.' मग जीपच्या काचेवर नाव आलं. मग किराणावाला, इस्त्रीवाला, मासळीवाली पुष्पा, सगळे त्यांना डूडशेठ म्हणायला लागले. शिकवणीच्या मुलांनी तर सुनयनाला विचारलं, "टीचर, डूडचं बायकी रूप काय?" तिने सांगितलं, उद्या सांगते. मुलांनी स्वतःच ठरवलं आणि पुतळाकाकूंना डूडीणकाकू म्हणायला सुरुवात केली. काकूंनी पहिल्या दिवशी पोराला झाडू फेकून मारला. दुसऱ्या दिवशी कुणी म्हटलं नाही तेव्हा त्यांनीच विचारलं, "का रं, आज तोंड शिवलाय का?"

सुनयनाची झोप मात्र गेली होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. कुणाला खरा अर्थ ठाऊक आहे, ते चेहऱ्यावर दिसेल असं तिला वाटायचं. ते दिसलं हौसेराव गुरुजींच्या चेहऱ्यावर.

गुरुजी सातारा जिल्ह्यातून निवृत्त होऊन मुलाकडे, शेजारच्या गल्लीत, राहायला आलेले. निवृत्त झाले तरी चुका तपासण्याचं त्यांनी सोडलं नव्हतं. खिशात खडू असायचा, आणि गावातल्या फलकांवरचे ऱ्हस्व-दीर्घ ते जाताजाता सुधारायचे. कमानीवरचा फलक उंच होता म्हणून वाचला होता. एका दुपारी ते बगलेत वाचनालयाचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेऊन जिना चढून आले. ज्ञानू पाटीवर मोर काढत होती. तिने त्यांना बसायला आपला पाट दिला.

"सुनयनाबाई, तुमचा दाखला वाचला मी. पाटलानं त्याच्या खालच्या दुकानात लावलाय. अक्षर चांगलं आहे."

"गुरुजी, बोला. काय आहे खरा अर्थ?"

त्यांनी कोश उघडला, चष्मा नाकावर खाली घेतला. "एक. भपकेबाज कपडे घालून मिरवणारा, नटवा माणूस. दोन. खेड्यात आलेला शहरी माणूस, ज्याला गावातलं काही कळत नाही. मूळ अनिश्चित. अमेरिकेत प्रचलित."

"इंग्लंडात नाही?"

"इंग्लंडचा उल्लेखच नाही."

सुनयनाला त्यातल्या त्यात देश चुकल्याचं जास्त वाईट वाटलं. अर्थ एक वेळ चुकतो. भूगोल चुकला की माणूस उघडा पडतो.

"गुरुजी, लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नका. आमची खोली..."

"मी आपणहून सांगणार नाही," गुरुजी कोश मिटत म्हणाले. "पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. छत्तीस वर्षं शिकवलंय."

विचारणारा दूर नव्हता. क्रिकेटप्रेमी सितारामांना चुलतभावाची नवी पदवी सहन होत नव्हती. स्टंपला दोनच पैसे पडले होते, पण डूडला तेवढेही पडले नव्हते. बेलापूरला इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या भाचीला त्यांनी मुद्दाम आइस्क्रीम खायला नेलं आणि शब्दाचा अर्थ विचारला. तिने शाळेत ऐकलेला सांगितला. सिताराम आइस्क्रीम तसंच टाकून रिक्षात बसले.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी ते कमळाकरांच्या मांडवात उभे राहिले. मंडपवाले झालर बांधत होते, बायका तांदूळ निवडत होत्या. मांडव भरलेला बघून सितारामांनी आवाज चढवला.

"कमळाकर, तुज्या डूडचा अर्थ समजला हाय मला. आयकायचाय?"

"मला म्हाईत हाय. दाखला हाय."

"दाखला घाल चुलीत. डूड म्हंजे हत्तीच्या ढुंगनावरचा केस."

तांदूळ निवडणारे सगळे हात एकदम थांबले. मग सुपांच्या आडून खुसुखुसू सुरू झालं. पुतळाकाकू उठून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, कुना हत्तीनं सांगितला तुमाला?"

"विंग्रजी शाळेतल्या पोरीनं सांगितला. बोलवा कोनाला बोलवायचा त्याला. गावाच्या कमानीवर आपन हत्तीचा केस टांगलाय, पावन्यांचा स्वागत कराया."

कमळाकरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तीन हुकूम सोडले. दुकानातला दाखला आणा. वरच्या ताईंना बोलवा. आणि उरणला फोन करून जावयाला म्हणावं, असशील तसा ये.

वरच्या खोलीत धनाजी त्या दिवशी घरीच होता. गलका ऐकून त्याने बायकोकडे बघितलं, एक शब्द न बोलता माळ्यावरून सफरचंदाची रिकामी खोकी काढली आणि त्यात डबे भरायला लागला.

"काय करताय?"

"भरतोय. मार्केटातनं टेम्पो सांगू का आज, का उद्याच्याला?"

"बाबा, माझी पाटी नका भरू," ज्ञानू म्हणाली. "शाळेत न्यायचीय."

सुनयनाने गॅस बंद केला. मग तिने डब्यांच्या खोक्यातून पाटी बाहेर काढली, ज्ञानूच्या हातात दिली, पदर खोचला आणि खाली निघाली. जाताना तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली. खरं सांगायचं. खोली जायचीच असेल तर निदान पोरीच्या देखत खोटं बोलून जायला नको.

मांडवात आता निम्मं गाव जमलं होतं. मधोमध टेबल, टेबलावर लॅमिनेशन केलेला दाखला, त्यावर अक्षता पडलेल्या. दुकानात तो देवाच्या फोटोशेजारी असायचा. एका बाजूला सिताराम, दुसऱ्या बाजूला कोश मांडीवर घेऊन हौसेराव गुरुजी. त्यांना बोलावलंच होतं, आणि बोलावल्यावर ते यायचं टाळणाऱ्यांतले नव्हते.

"गुरुजी, पुस्तकात काय लिवलाय?" सितारामांनी विचारलं.

गुरुजींनी सुनयनाकडे क्षमा मागितल्यासारखं बघितलं आणि वाचलं. नटवा माणूस. गावातलं काही न कळणारा शहरी माणूस. नटवा ऐकताना गावाने कमळाकरांच्या सफारीकडे बघितलं. शहरी ऐकताना सगळ्या भाडेकरूंनी मान खाली घातली.

"हत्ती नाय त्यात?" सितारामांनी विचारलं.

"हत्ती नाही."

"पुस्तक जुना असल."

तेवढ्यात मिथुन पोचला. उरणहून स्कूटर हाणत आलेला, केसांत धूळ, चेहरा पडलेला. लग्न मोडलं या समजुतीने त्याने येतायेताच निम्मे अश्रू ढाळलेले दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारात उन्नती उभी होती. तिच्या हातावर मेंदी नुकती लावलेली, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

"जावई, बसा," कमळाकर म्हणाले. "साखरपुड्याला तुमी मला एक शब्द बोलला. डूड. कंच्या अर्थानं बोलला?"

मिथुन बुचकळ्यात पडला. "काका, वाईट नाय काय. असंच. टीव्हीवर बोलतात."

"असंच म्हंजे?"

"म्हंजे... यार. भावा. मी सगळ्यांना बोलतो. मित्रांना बोलतो, यार्डातल्या ड्रायवरला बोलतो. आता येताना पेट्रोल भरला तर पंपावरच्याला पन बोललो."

हत्तीच्या केसाने झालं नव्हतं ते पेट्रोलपंपाने केलं. शिवी असती तर भांडता आलं असतं. मान असता तर मिरवता आलं असतं. पण शब्दाला काहीच अर्थ नाही, तो कुणालाही चिकटतो, हे ऐकून कमळाकर खुर्चीत खाली खाली जात राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर सहाशे पत्रिका आल्या असाव्यात, सगळ्या वाटून झालेल्या.

"ताई," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तुमी सांगा."

सुनयना पुढे झाली. ज्ञानू तिच्या साडीला धरून होती.

"दादा, मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्या दिवशी सकाळी मी मनाने बनवून सांगितला. इंग्लंडसुद्धा मनानेच. खोली सोडायला लागेल म्हणून घाबरले होते. चूक झाली."

गुरुजींनी मान डोलावली, नापास होऊनही वही नीट ठेवणाऱ्या मुलीकडे बघून डोलवावी तशी. सितारामांनी टाळी वाजवायला हात उचलले. पुतळाकाकू म्हणाल्या, "बगा. मी बोलत होते, खिळा नाय मारत ती बाई कायतरी मोठा करल."

कमळाकरांनी टेबलावरच्या दाखल्याकडे बघितलं. त्यावरची एक अक्षता नखाने उडवली. मग ते उठले.

"सिताराम, तुज्या भाचीनं लिवून दिलाय?"

"काय?"

"हत्तीचा. कागद हाय? सही?"

"लहान पोर हाय ती. बोलली."

"तोंडी. गुरुजी, तुमचा पुस्तक. शिक्का हाय?"

"वाचनालयाचा आहे, पहिल्या पानावर."

"पयल्या पानावर. डूडच्या पानावर नाय. जावई, तुमी लिवून आणलाय काय?"

"नाय काका, मी तर तसाच..."

"तोंडी. आनि ताई, तुमी आता जो बोलला, की बनवून सांगितला, तो पन तोंडीच ना?"

"हो, पण खरं तेच आहे."

"खरा असल," कमळाकर म्हणाले. "खरा कोन नाय बोलत? आमी पन बोललो होतो. आमची बारा एकर भातशेती. कंबरभर भात यायचा. साहेबानं कागदावर लिवला, जमीन पडीक. शिक्का मारला. मी बोललो, साहेब, पडीक नाय, बगा, भात उभा हाय. साहेब बोलला, कागदावर काय हाय? आनि पडीक झाली. सात माळे उभे राहिले तिच्यावर. आजपावेतो कोनी विचारलाय, पडीकचा खरा अर्थ काय?"

मांडवातल्या निम्म्या माणसांच्या घरी तसाच कागद होता.

त्यांनी दाखला उचलून सगळ्यांना दाखवला. "हितं सही हाय. तारीख हाय. शिक्का हाय. ह्याच्यात लिवलाय, थोर व मानाचा गृहस्थ. ह्याच्यावर कोनाकडं दुसरा कागद असल तर दाखवा. नसल तर फलक राहील. मंडपवाला, झालर बांद."

मंडपवाल्याने झालर बांधायला घेतली. सुपं पुन्हा हलायला लागली. सिताराम "असा कुठं असतो काय" म्हणत तीन वेळा टेबलाभोवती फिरले, पण त्यांच्या खिशात कागद नव्हता. गुरुजींनी कोश मिटला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड आणि इतका चुकीचा युक्तिवाद त्यांनी ऐकला नव्हता. मिथुनने सासऱ्याचे पाय धरले आणि यावेळी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उन्नतीने मेंदीचे हात तसेच वर धरून रडून घेतलं, आणि ज्ञानूने पुढे होऊन आपल्या फ्रॉकच्या घेराने तिचे डोळे पुसले.

लग्न झालं. कमानीखालून वऱ्हाड आलं आणि गेलं. उरणच्या चार म्हाताऱ्यांनी फलक वाचून आपापल्या जावयांना विचारलं, की आपल्याकडे डूड कोण आहे, आणि नसेल तर का नाही.

महिनाअखेरीच्या सकाळी कमळाकर पुन्हा जिना चढून आले. खोलीत खोकी दोरी बांधून तयार होती. धनाजीने टेम्पो सांगून ठेवला होता. कमळाकर खोक्यांकडे बघून थबकले.

"हा काय?"

"अकरा महिने झाले ना, दादा," सुनयना म्हणाली. "आणि त्यात मी जे केलं..."

"सोडा दोऱ्या." त्यांनी खिशातून नवा करारनामा काढला. "तुमाला सोडून कसा चालल? दाखला देनारा हापिस गावाबाहेर गेला तर उद्या सिताराम बोलल, हापिस बंद झाला, दाखला रद्द झाला. मंग मी पुन्ना नुसता श्री."

"म्हणजे आम्ही राहायचं?"

"तुमच्या मनात असो नसो," कमळाकर म्हणाले. "आता जाता नाय येनार."

धनाजीने करारावर सही केली आणि खाली जाऊन टेम्पो परत पाठवला. ज्ञानूने खोक्यातून आपलं दप्तर शोधून काढलं आणि रिकामंच पाठीला अडकवून गॅलरीत येरझाऱ्या घालू लागली. सुनयनाने तिच्याकडे बघितलं आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर चहा प्यायली. खरं सांगून वाचलो नाही, खोट्यावर शिक्का होता म्हणून वाचलो, हे तिला चहाच्या दुसऱ्या घोटाला कळलं. तिसरा घोट तिने तरीही घेतला.

त्याच दिवशी दुपारी ती फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. दारावर अगदी हळू टकटक झाली. क्रिकेटप्रेमी सिताराम पाटील होते. त्यांनी जिन्यात मागे वळून बघितलं, आत आले आणि दार स्वतःच लोटून घेतलं.

"ताई, झाला गेला सोडा. मला पन एक काडून द्या."

"काय?"

"विंग्रजी. कमळाकरच्या डूडपेक्षा दोन बोटं वर असा. सही, तारीख, सगळा."

सुनयनाने आठळ्यांची ताटली बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि क्षणभर विचार केला.

"हॉटशॉट," ती म्हणाली.

सितारामांनी तो शब्द दोनदा जिभेवर घोळवून बघितला. नावाआधी लावून बघितला. त्यांचे डोळे चमकले.

"आवाज बरा हाय. अर्थ काय त्याचा?"

सुनयनाने कोरा कागद पुढे ओढला आणि शाईच्या पॅडचं झाकण उघडलं.

"तुम्हाला कुठला हवाय?"